टेलर आत्याची वाटणी

आत्या माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी खांदे. कुंभार पिंपळगावात तिचं शिवणकाम चालायचं आणि अख्खं गाव तिला टेलर आत्या म्हणायचं. माझी मात्र ती सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. एखादी अनोळखी मुलगी ब्लाउज शिवायला आली, की माप घ्यायच्या आधीच आत्या विचारायची, "तू शांताबाईची नात का गं?" आणि ती शांताबाईचीच नात निघायची. उजवा खांदा किंचित उतरता, आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आलेला. "लगीन झालं की आडनाव बदलतंय, खांदा न्हाई बदलत," असं म्हणत ती टेप गळ्यात टाकायची.

बाळंतिणीच्या घरी तिला मुद्दाम बोलवायचे. कान मामाचे, बोटं आजोबांची, कपाळ कुणाचं ते अजून ठरायचंय, असं ती सांगत बसायची आणि बायका हसायच्या. पण मला कुणी "बापावर गेली" म्हटलं, की तिचा चेहरा उतरायचा. ती लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

त्यामागे आजोबांचं दुखणं होतं. मी तान्ही होते तेव्हा त्यांचे हात आपोआप उडायचे, चालताना पाय भलतीकडेच पडायचे. पुढे पुढे बोलणंही कळेनासं झालं. गावात कुणी दारूचं नाव घेतलं, कुणी भानामतीचं. आत्याने कुणाचंच ऐकलं नाही. विशीतली ती मुलगी बापाला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे, बरा होत नाही आणि मुलांकडे जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर आत्याने माझ्या वडिलांना एवढंच कळवलं, की हा आजार निम्म्या मुलांना होतो. भावंडं दोन, तेव्हा दोघांतल्या एकाला, असा हिशोब घरात आपोआपच धरला गेला. त्यानंतर तिने येईल ते स्थळ परत पाठवलं. मशीन सोडून मला करमत न्हाई, हे तिचं कारण.

चाळिशीच्या आतच तिची शिवण वाकडी जायला लागली. आधी चष्म्याला दोष दिला, मग मशीनला. एकदा कात्रीने चांगलं कापड भलतीकडे कापलं गेलं आणि त्या दिवशी तिने मशीनवर जुनं लुगडं टाकून ते झाकलं. माझे वडील एसटीत चालक. ते ड्युटीवरून येऊन जेवायला बसले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दादा, ते माझ्या वाट्याला आलं. तू सुटलास. अन् ही पोरगीबी सुटली."

वडील ताटावरच रडले. पण त्यांच्या मनावरचं काहीतरी उतरलं हेही मला दिसलं, आणि त्याची त्यांनाच लाज वाटत होती. पुढे ते तिची नखं कापायचे, तिला घास भरवायचे, वेणीसुद्धा घालायचे.

मी जीवशास्त्र शिकले तेव्हा तो हिशोब चुकीचा असल्याचं कळलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. आजोबांच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली होती, आणि या आजाराला तेवढी एकच पुरते. पिशवीत दोन चिठ्ठ्या असाव्यात, मुलाने एक उचलावी आणि पुढच्या मुलासाठी ती परत पिशवीत टाकावी, असं ते असतं. बहिणीला काय आलं याचा भावाच्या चिठ्ठीशी काहीच संबंध नसतो.

एका दुपारी आत्यानेच विचारलं, "तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? बराबर सांग." तिच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. तिने मान हलवली, की ती आपोआप हलली, सांगता येत नाही.

"मला ठाऊक हाय," ती अडखळत म्हणाली. "डागदरनं तवाच सांगितल्तं. दर लेकराची चिठ्ठी नवी. तुझ्या बापाला सांगू नको. निवांत गाडी चालवू दे त्याला."

मी वडिलांना सांगितलं नाही. गेल्या वर्षी ती खाटेवरून उठेनाशी झाली. वडील तिच्याजवळ स्टुलावर बसून डाळिंब सोलत होते आणि बोलता बोलता त्यांचा डावा पाय एकसारखा पुढे सरकत होता. त्यांना पत्ता नव्हता. आत्या त्या पायाकडे बघत राहिली. तिचा हात हवेत दोनदा चुकला, मग तिने भावाचा गुडघा धरला आणि दाबून ठेवला. वडिलांना वाटलं, बहिणीला माया दाटून आली. ते हात धुवायला उठले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. तिचे शब्द तेव्हा कुणालाच कळत नसत. तो एक शब्द मात्र मला स्पष्ट ऐकू आला. "सांग."

वडिलांच्या गाडीत रोज माणसं बसत होती. ओसरीवर बसवून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन गाडीवरून उतरवून घ्यायचा अर्ज दिला आणि पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर स्वतःचं रक्त तपासून घ्यायला आले. रिपोर्ट यायच्या आधीच आत्या गेली. रिपोर्टमध्ये जे यायचं तेच आलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर वडील खाली बसले. "तिनं मला इतकी वर्षं झोपू दिलं," एवढंच बोलले.

आता मी अंबडच्या एका कॉलेजात शिकवते. महिन्यापूर्वी मी माझं रक्त देऊन आले. रिपोर्ट आलाय, न्यायला या, असा फोनही झाला. मी अजून गेलेले नाही. या आठवड्यात फळ्यावर लिहिताना हातातून खडू निसटला. पोरं हसली. मी वाकून तो उचलला, आणि पुढचं अक्षर काढायच्या आधी हात फळ्यावर टेकवून तो हलतोय का ते बघितलं.