अर्धा तास, आतून कडी

आधी काच फुटली, मग रक्त आलं. नंतर बहुतेकांनी हा क्रम उलटा सांगितला, म्हणून तो सुरुवातीलाच लिहिते.

मी तेव्हा बडोद्यात एका संशोधनासाठी निरीक्षक म्हणून काम करत होते. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मिळालेलं काम. संशोधनाचा प्रश्न साधा होता: प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नर्सना प्रशिक्षण दिलं, तर त्यांच्या हातचं काम बदलतं का? निरीक्षकानं कोपऱ्यात बसायचं, पाहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

पाहायची एक गोष्ट म्हणजे लस टोचल्यानंतरचा अर्धा तास. क्वचित एखाद्या बाळाला लसीची तीव्र प्रतिक्रिया येते, श्वास अडकतो, आणि तसं झालं तर ते बहुधा पहिल्या अर्ध्या तासात होतं. तेवढा वेळ बाळ केंद्रातच राहिलं पाहिजे. कुठेच राहत नव्हतं. टोचलं की आई उठायची, बाहेर मोटरसायकल सुरूच असायची.

प्रशिक्षण एका मोठ्या सभागृहात झालं. शिकवणाऱ्या डॉक्टर मराठीच, आवाज खणखणीत. त्यांनी नर्सनाच आया व्हायला लावलं. तरसालीच्या केंद्रातली नर्स आई झाली. मांडीवर उशी घेऊन बसली आणि टोचल्याचं नाटक होताच उठून निघाली.

"कुठे चाललीस गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मॅडम, कूकर गॅसवर ठेवलाय. शिट्ट्या तुम्ही मोजणार का?"

सभागृह हसलं. डॉक्टरही हसल्या. "मग आता दाराला आतून कडीच लावा," त्या म्हणाल्या. पुन्हा हशा झाला, आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं.

निरीक्षणाच्या त्यानंतरच्या फेरीत बाळं थांबू लागली. माझ्याकडच्या चारपैकी तीन केंद्रांमध्ये मी स्वतः कडी लागताना पाहिली. आम्हाला विचारलेलं होतं ते इतकंच: बाळ थांबलं का? थांबलं होतं. प्रकल्पाच्या बैठकीत त्याबद्दल पेढे वाटले गेले.

तरसालीची नर्स चाळिशीतली, कंत्राटावर. विधवा होती, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. त्या बुधवारी खोलीत ती, मदतीची आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाबेन, मी आणि एक तरुण आई होतो. दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा होता, काचेला आतून जुनं कॅलेंडर चिकटवलेलं. बाकाची जागा दाराला लागूनच. आई तिथे बाळाला घेऊन बसली होती. लस टोचून झाली होती. नर्सनं कडी लावली आणि ती पुढच्या बाळाची तयारी करू लागली.

नवरा बाहेर उभा होता. मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, पाळी गाठायची घाई असलेला. याआधीच्या डोसला बायको टोचून लगेच बाहेर आली होती. या वेळी दार बंद झालं, उघडेना, आणि आत बाळ रडत होतं. त्यानं त्याचा एकच अर्थ लावला.

"ए बेन! बारणुं खोल!" घरात मराठी बोलणारा माणूस होता, पण बाहेर सुरुवात गुजरातीतच.

"अर्धा तास बसायचंय, भाई. नियम आहे," नर्स आतून म्हणाली.

"काले नियम न्होतो, आजे क्यांथी आव्यो? काय केलंत माझ्या पोराला?"

"काही नाही केलं. थांबा जरा."

'थांबा' या शब्दानं बाहेरची माणसं जमली. समोरच्या गॅरेजमधून दोघं आले. कुणीतरी म्हणालं, सुई चुकलीय, आत लपवतायत. आई बाकावरून ओरडली, "अहो, बरंय बाळ!" तिचा आवाज बाळाच्या रडण्यात गेला. निरीक्षकानं बोलायचं नाही हा नियम माझ्याकडून मोडला गेला. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

नर्स कडी काढायला उठली. ती दारापर्यंत पोचायच्या आत नवऱ्यानं हेल्मेट काचेवर मारलं.

काच बाकावर सांडली. एक तुकडा बाळाच्या कपाळाला लागला. जखम लहान होती, पण कपाळाची जखम वाहते तशी वाहिली. नर्सनं बाळ आईच्या हातून ओढून घेतलं आणि कापूस दाबला. तेवढ्यात फुटलेल्या काचेतून हात आत आला, कडी निघाली आणि दार उघडलं.

आत शिरलेल्यांना दिसलं ते एवढंच: बाळाचं तोंड रक्तानं माखलेलं, आणि बाळ नर्सच्या हातात.

पहिला फटका हेल्मेटचा होता, तिच्या कानावर. कुणीतरी अंबाडा धरून तिला खाली ओढलं. ती गुडघ्यांवर पडली, पण बाळ सोडलं नाही. त्याच्यावर वाकून राहिली. हात बाळाखाली असल्यामुळे तिला एकही वार अडवता आला नाही. प्लास्टिकची खुर्ची तिच्या पाठीवर मोडली. मोडलेल्या खुर्चीचा पाय घेऊन गॅरेजवाल्यानं डाव्या हातावर मारलं. हाड तुटल्याचा आवाज सुकी काटकी मोडल्यासारखा, स्वच्छ ऐकू आला. मधे पडलेल्या आशाबेनला आणि मला भिंतीवर ढकललं गेलं. लसींची निळी पेटी लाथेनं उलटली, बर्फाच्या पिशव्या आणि कुप्या फरशीवर पसरल्या, आणि माणसं त्या तुडवत मारत राहिली.

आई नवऱ्याच्या पाठीवर चढल्यासारखी लोंबकळत होती. "काच तुम्ही फोडलीत! तुम्ही!" ती ओरडत होती. त्यानं वळून तिच्या जबड्यावर ठोसा मारला. मग बाळ उचललं. बाळ ठणठणीत रडत होतं. लसीची प्रतिक्रिया कसलीच नव्हती.

नर्सच्या हाताचं ऑपरेशन झालं. नवरा जामिनावर सुटला आणि त्यानं तक्रार केली: बेननं बायको-पोराला कोंडलं, पोराचं डोकं फोडलं, म्हणून दार तोडावं लागलं. काचेचा क्रम आशाबेननं आणि मी साक्षीत सांगितला, तो मान्यही झाला. कडीचं काय, हा प्रश्न राहिला. कोंडलं होतंच. कंत्राट रद्द करायला तेवढं पुरेसं होतं.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. नर्सचा हात गळ्यात. तिच्या शेजारी प्रशिक्षण देणाऱ्या त्या डॉक्टर.

"दाराला कडी लावायला कोणी सांगितलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

नर्स टेबलाकडे बघत राहिली. डॉक्टरांचं नाव घेतलं आणि त्या नाही म्हणाल्या, तर लेखी असं तिच्याकडे काही नव्हतं.

"बेन, बोला. मनानंच लावलीत?"

"मी सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी जोडलं, "गंमत म्हणून. सगळ्या हसल्या होत्या."

"मग यांना गंमत कळली नाही, असं लिहू?"

"कळली होती, साहेब," नर्स म्हणाली. "मीही हसले. पण त्या दिवशी दोन तास बसवून काय काय दाखवलं. आया पळतात, त्यांना थांबवायचं कसं, हे एकदाच सांगितलं. ते हे."

डॉक्टरांनी कागद मागून घेतला आणि आपलं म्हणणं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. गंमत हा शब्द त्यांनी लिहिला नाही. नर्सचं कंत्राट राहिलं. सर्व केंद्रांतल्या दारांच्या आतल्या कड्या काढण्याचा हुकूम निघाला. पुढची फेरी पाहायला मी गेले, तेव्हा चारपैकी तीन ठिकाणी बाळं पुन्हा टोचल्याबरोबर घरी जात होती.

प्लास्टर निघाल्यावर नर्स तरसालीत परत आली. दार नवं, पत्र्याचं. हुकमाप्रमाणे काढलेल्या कडीच्या जागी चार भोकं. डावा हात कोपरातून पूर्ण वाकत नव्हता. राहिलेला डोस द्यायला आशाबेननं त्याच आईला बोलावून आणलं होतं. बाळाच्या कपाळावर पांढरी रेघ होती. नवरा बरोबर होता, हेल्मेट हातात.

नर्सनं सिरिंज भरायच्या आधीच सांगितलं, "टोचल्यावर अर्धा तास इथं बसायचं. श्वासाला काही झालं तर औषध माझ्याकडे आहे, तुमच्या घरी नाही. जमत नसेल तर आत्ताच सांगा."

आई नवऱ्याकडे बघत होती.

"बस," तो मराठीत म्हणाला.

लस टोचली. बाळ किंचाळलं, आणि नर्सचा डावा हात आपोआप डोक्याकडे गेला, जेवढा जात होता तेवढा. मग तिनं तो खाली घेतला. आई बाकावर बसली. दार सताड उघडं होतं आणि नवरा उंबऱ्यावर उभा. त्यानं हेल्मेट खाली ठेवलं नाही, तिनं ठेवायला सांगितलं नाही.

तिनं पुढच्या बाईला आत बोलावलं. त्याआधी खुर्ची फिरवून घेतली. आता तिची पाठ भिंतीला होती आणि तोंड दाराकडे.