जोडलेलं आहे, पण नेट नाही

नोकरीसाठी पुण्याला जाण्याआधी लेकीने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं. "बाबा, आता तो अडकणार नाही," एवढंच म्हणाली. पुढे फोनच्या तारेवरचं नेट घेतलं. लाइनमनने राउटर ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ये वाला मेरेको नहीं आता, सर." गोंदियाची गाडी पकडायची म्हणून निघूनही गेला.

सौंदडच्या आमच्या घरी मोबाइलला रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीजवळ. म्हणून बायको मोबाइल घेऊन वर आणि मी खाली खिडकीपाशी. लेक तिला सांगे, ती मला ओरडून सांगे.

"ते इचारून रायली, केबल लावली का?"

"लावली. 'जोडलेले' असं लिहून आलं."

"मंग पान उघडा म्हणते."

पान उघडेना.

"कॉम्प्युटर जोडून आहे म्हणते अन् नेट नाही म्हणते. दोन्ही कसं होऊन रायलं?"

"मले काऊन इचारता? मी का त्याच्यात बसून आहो?"

मग एका काळ्या चौकटीत राउटरच्या पत्त्याचे आकडे टाकायचे होते. वाऱ्यात निम्मे उडाले. ब्याण्णवचे मी बावन्न ऐकले. बरोबर टाकले तेव्हा ओळींमागून ओळी पळू लागल्या आणि थांबेचनात. मी घाबरून हात मागे घेतला. वरून निरोप आला, हे चांगलं आहे. कॉम्प्युटर राउटरपर्यंत पोचतो आहे, राउटरच बाहेर पोचत नाही.

हे दोन वेगळे रस्ते आहेत हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी इतका वेळ कॉम्प्युटरवर चिडत होतो.

राउटरचा एक दिवा मात्र सारखा उघडझाप करत होता. भिंतीवर फोनची तार एका छोट्या डबीत जात होती, डबीला दोन भोकं. एकातून बिघडलेला जुना फोन, एकातून राउटर. लेकीने अदलाबदल करून बघायला सांगितली. मी दोन्ही तारा काढल्या आणि कुठली कुठे होती तेच विसरलो. अंदाजाने खुपसल्या. तेवढ्यात वरून "बंद करून चालू करा" असं ऐकू आलं, तेही केलं. दिवा स्थिर झाला.

थोड्या वेळाने पडद्यावर लेक दिसली. पाठीमागे तिची खोली, दोरीवर ओढणी.

"बाबा, झालं. काय केलं तुम्ही?"

मी डबीकडे वळून पाहिलं. तारा बदलल्या की होत्या तशाच लावल्या, की नुसतं बंद-चालू केल्यानं झालं?

"आई कुठे आहे?" तिने विचारलं.

स्लॅबवरून आवाज येत होता, "हॅलो, हॅलो! अवं, आयकू येते का?" लेकीने फोन कधीच ठेवला होता. मी जिन्यात जाऊन हाक मारली. बायको खाली आली, पडद्यासमोर उभी राहिली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "बारीक झाली तू. जेवत नाही का?"