द्ध दिसला पाहिजे

तुमचं नाव दुसरा कोणी टाइप करत असतो, तेव्हा तुम्ही कुठं उभे असता? टेबलाच्या अलीकडं ना? मॉनिटरची पाठ बघत, त्याच्या वायरी मोजत?

सौंदडच्या स्टेशनाजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या रचनाला दहा वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिची बोटं अशी की गिऱ्हाईक बोलून संपायच्या आत शब्द उमटलेला. चूक काढणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावी. २००९च्या जूनमध्ये मात्र तिची चूक निघाली.

तिच्याच मोहल्ल्यातली कलाबाई दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायची. तिच्या मुलीला, अल्काला, नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. रचनानं टाइप केलेला अर्ज कचेरीतून परत आला. शाळेच्या कागदावर ‘बौद्ध’, अर्जावर ‘बौध्द’. द-च्या पायाशी ध हवा, तिथं अर्ध्या ध-ला द चिकटवलेला. वर लाल शाईत शेरा: नोंद जुळत नाही. नवा अर्ज द्यायला शनिवारपर्यंत मुदत.

रचना आधी भडकली. मग तिनं जुन्या डबड्या मॉनिटरवर फाइल उघडली आणि खाली बरोबरचा शब्दही टाइप केला. त्या फुगीर काचेवर दोन्ही अक्षरं सारखीच दिसत होती, माशी चिरडल्यासारखी.

“मले दाखवलं असतं तं म्या सांगतलं असतं,” कलाबाई म्हणाली.

“तुले वाचता येते, काकी?”

“सारं नाई येत. पर हे अक्षर येते. बुद्ध विहाराच्या पाटीवर रोज दिसते. तू तं मले डब्याची पाठच दाखवतेस.”

रचना उठून कलाबाईच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथून नुसत्या वायरी दिसत होत्या. गुरुवारी दोघी पॅसेंजरनं गोंदियाला निघाल्या, नवा मॉनिटर घ्यायला.

दुकानदार चुन्नीलालनं समोर ठेवला तो लांबरुंद, चकचकीत. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालू होता.

“ये लीजिए मॅडम. दोन मिलिसेकंद. गाडी कितीबी पळवा, मागं सावली नाही राहत. शाम को गेमवाले लड़के भी आ जाएंगे. तुमाले काई नाई समजणार त्यातलं, पर पोराईले समजते.”

रचनानं खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढं घेतला. तीन फेऱ्या मारल्या. पडद्यावरच्या यादीत पहिला नंबर ‘चुन्नी’ या नावाचा होता. तो खाली सरकला आणि गेमनं नाव विचारलं. तिनं टाइप केलं.

“अरे बाप,” चुन्नीलाल म्हणाला. “पॅक कर दूं?”

तिला तो हवाच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की अर्धा तास गाडी पळवणं हे तिचं एकटीचं सुख होतं. बाईमाणसाला कसला गेम म्हणून कोणाला हसू येत असेल, तर त्यानं आधी तिला हरवून दाखवावं.

पण ती म्हणाली, “आता अक्षर दाखवा.”

तिनं बारीक टायपात ‘बौद्ध’ लिहिलं, खाली ‘बौध्द’. खुर्चीतून दोन्ही लख्ख दिसत होती.

“काकी, तू बसू नको. तिथंच कोपऱ्यावर उभी राह्य आन् वाच.”

कलाबाईनं मान वाकडी केली, डोळे बारीक केले. “पांढरं फटक दिसून राहिलं, पोरी.”

“बाई, समोर बसून पाहा न,” चुन्नीलाल म्हणाला. “बाजूनं कोण पाहते मॉनिटर?”

“खुर्चीत कोण बसते? मी. अर्ज कोणाचा? हिचा.”

“इतके साल से बेच रहा हूं, कोणी उभं राहून पाह्यलं नाई आजवर.”

“उभं राहणाऱ्याले तुम्ही कधी विचारलंच नाई, शेठ. तो काय आहे कोपऱ्यात?”

कोपऱ्यात एक चौकोनी मॉनिटर धूळ खात होता. एका बँकेसाठी मागवलेल्यांतला उरलेला. जाड, पण मान फिरवणारा. चुन्नीलालनं त्यावर मुद्दाम गाडी पळवून दाखवली. गाडीमागं अंधुक शेपूट ओढत गेलं.

“पाह्यलं? शेपूट फुटलं गाडीले.”

“फुटू द्या. काकी, वाच.”

कलाबाई जागची हलली नाही. तिथूनच बोट रोखून म्हणाली, “वरचा विहारातला. खालचा तुझा.”

चुन्नीलाल पुटपुटला, “लेडीज लोगों का यही है. चांगली चीज छोडून जुनं उचलते.”

“तुमचं नाव दोन नंबरवर गेलं आहे, ते पाहा आधी,” रचना म्हणाली. “आन् याचं बिल बनवा.”

शुक्रवारी तिनं तो मॉनिटर टेबलाच्या कडेला आणला आणि त्याची मान इतकी फिरवली की अर्धा पडदा तिचा, अर्धा गिऱ्हाइकाचा. अर्ज पुन्हा टाइप केला. कलाबाई उभी राहून एकेका अक्षरावर बोट नेत होती. ‘बौद्ध’वर थांबली, मान हलवली. खाली पत्त्यावर पुन्हा थांबली.

“यावर एकच काडी काऊन हाय वं?”

‘सोंदड’ झालं होतं.

“टेसनाच्या पाटीवर दोन हायेत,” कलाबाई म्हणाली. “बाहेर जाऊन पाह्य.”

रचना बाहेर गेली नाही. कान तेवढे तापले. तिनं दुसरी मात्रा दिली, कलाबाईकडं पाहिलं आणि तिनं ‘हाव’ म्हटल्यावरच प्रिंट काढली. शनिवारी अर्ज घेतला गेला. लाल शाई लागली नाही.

आता तिच्या भिंतीवर ठळक टायपातला कागद आहे: वाचल्याबिगर छापणार नाही. कोणी म्हणतं, घाई आहे, दे लवकर. त्याला ती हातानं खुणावते, आधी वाच. कामं आटोपल्यावर ती गाडी पळवते. मागं शेपूट राहतं, तरी जिंकते.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी तुमचा कागद कोणी टाइप करत असेल तर त्याला म्हणा, पडदा इकडं फिरवा. नाही फिरवला तर टेबलाला वळसा घालून पलीकडं जा. वाचता येणारं अक्षर एकच असलं, तरी जा.