हळदीकुंकवाच्या सह्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगून हलकं वाटेल अशी आशा नाही — आणि मला हलकं वाटून कुणाचं काय भलं होणार आहे?

क्रांती चौकाजवळच्या एका ऑफिसात मी लोकसहभागाचं काम करते. म्हणजे काय? कंपनीला डोंगर फोडायचा असतो, आणि पायथ्याच्या गावाला ते किती आवडतंय हे मी कागदावर आणते. चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून आत, अशाच एका गावालगत दगडखाण व्हायची होती. बदल्यात गावाला रोजगार, शिलाई मशिनी आणि शाळेला रंग. शाळेला रंग प्रत्येक प्रस्तावात असतो. डोंगर जातो, भिंत पिवळी होते, आणि फोटो छान येतो.

जनसुनावणीच्या आधी महिलांची वेगळी बैठक झाल्याचा पुरावा लागतो. बैठकीला बायका येत नाहीत — हळदीकुंकवाला येतात. संक्रांत नुकतीच झाली होती. मी गुलमंडीतून स्टीलचे डबे घेतले, समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या. वाण म्हणून डबा घ्यायचा आणि वहीत सही करायची. पानावरचा मथळा मी कोरा ठेवला होता. तो का कोरा आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. विधवा आल्या नाहीत. त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावतं? अहवालात मी ‘सर्व स्तरांतील महिला’ असं लिहिलं.

रशिदाबींना मात्र मी घरी जाऊन बोलावलं. आपुलकीनं नाही — यादीत एक तरी मुस्लिम नाव असलेलं साहेबांना बरं वाटतं. साठी ओलांडलेली बाई, डोंगराला लागून मोसंबीची बाग, बागेत विहीर. कुंकवाच्या वेळी त्या बाजूला बसल्या, तिळगूळ घेतला, सही केली. आणि मग सगळ्या बायकांत त्या एकट्याच बोलल्या.

“बाई, सुरुंगानं माझ्या हिरीचं पानी गेलं तर? हे लिवून घ्या.”

मी डायरी उघडली. लिहिलं — परतताना पेट्रोल भरणे. त्यांनी पुन्हा विचारलं, घेतलं का लिवून? मी म्हटलं, घेतलं.

अहवालात गेलं ते असं : महिलांनी प्रकल्पाचं स्वागत केलं, पाण्याबाबत हरकत नाही. वाणाच्या सह्यांवर मथळा चढला — ‘प्रकल्पास संमती’. इथवरचं पाप ऑफिसातलं आहे. असं सगळेच करतात, आणि मला त्या सगळ्यांबद्दल जे वाटतं ते लिहिण्याजोगं नाही. पण माझी गोष्ट इथं थांबत नाही.

सुनावणीच्या मांडवात रशिदाबी उठल्या आणि विहिरीचं बोलल्या. अधिकाऱ्यांनी पानं चाळली. म्हणाले, तुम्ही तर आधीच संमती दिलीय, ही तुमचीच सही ना? त्या गोंधळल्या नाहीत. दुसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्याकडं त्यांनी बोट केलं.

“त्या बाईंना इचारा. माझ्यासमोर लिवून घेतलं त्यांनी.”

सगळा मांडव माझ्याकडं वळला. एक ‘हो’ म्हणायचं होतं. हरकत नोंदली गेली असती, विहिरींची तपासणी झाली असती, खाण कदाचित लांब सरकली असती. माझं काय गेलं असतं? नोकरी नाही. फार तर साहेबांची दोन दिवसांची कुरकुर. तेवढ्यासाठी — हो, तेवढ्याचसाठी — मी उभी राहिले आणि म्हणाले, “नाही सर, पाण्याचा विषयच निघाला नव्हता.”

आणि वर हसत म्हणाले, “त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. वय झालंय.”

हे कुणी मला शिकवलं नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं. लोक हसले. रशिदाबींच्या मुलानं त्यांचा पदर ओढून त्यांना खाली बसवलं.

खाण सुरू झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर कोरडी पडली, मग बाग तोडली. गावाला काय लाभ झाले याचा तक्ता भरायला ऑफिसनं मलाच पाठवलं. रशिदाबींनी मला खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितला. एका शब्दानं दोष दिला नाही. मी तक्ता काढला तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, “मुलगा म्हनतो, अम्मी, तू हळदीकुंकवाच्या वक्तीच इचारलं असतंस तर हीर वाचली असती. मला वाटायचं, म्या इचारलं व्हतं. नसंल इचारलं. डोकं ऱ्हायलं नाय आता.”

मी चहा प्यायले. तक्ता भरला. निघाले.

त्यांनी विचारलं होतं. दोनदा. मी ऐकलं होतं.