सुनंदाला हरवणारा तो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

सुनंदा माझी बायको, निफाडची. दोन हजार सहाच्या सुमारास आम्ही इंदिरानगरच्या घरी इंटरनेट घेतलं आणि मी तिला ऑनलाइन बुद्धिबळ शिकवलं. घोडा कसा चालतो, इथपासून. दुपारची कामं आवरली की ती खेळायला बसायची. हरली तरी हसायची. मी अंबडहून, कंपनीतून आलो की आधी तिचं रेटिंग, म्हणजे जिंकलं की वाढणारा आणि हरलं की घटणारा आकडा, बघायचो. ती म्हणायची, "आकड्याचं काय घेऊन बसलात? आज वजिराचा बळी देऊन मात केली, ते बघा की!"

वर्षभरात तिचा आकडा माझ्या पुढे गेला. तिच्या ते लक्षातही आलं नसेल. मला मात्र घास गोड लागेना. चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि एका आकड्यासाठी?

मग मी — लिहूनच टाकतो — ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खोट्या नावाने खातं उघडलं. जेवणाच्या सुट्टीत तिलाच गाठायचो. तिची प्रत्येक खेळी मी बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला द्यायचो आणि तो सांगेल तीच खेळी खेळायचो. जवळजवळ रोज.

"अहो, आज परत तो आला होता. काय खेळतो!" संध्याकाळी ती कौतुकाने सांगायची. पुढे ती हरलेले डाव वहीत उतरवून चुका शोधू लागली. मग खेळायच्या आधी आणि नंतरही रेटिंग बघू लागली. हसणं कधी थांबलं? मला सांगता येणार नाही. मी माझं जिंकणं मोजत होतो. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "माझं डोकंच तेवढं नाही बहुतेक."

तेव्हा बोलता आलं असतं, नाही का? मी म्हणालो, "अगं, सगळ्यांनाच नाही जमत." आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा हरवलं.

त्यानंतर ती खेळली नाही. कधीच नाही.

दोन वर्षांनी तिची भाची सुट्टीला आली. "मावशी, मला बुद्धिबळ शिकव ना."

"मला कुठे येतं गं? काकांना सांग."

मला बरं वाटलं — हेही सांगायला हवं. मी पट मांडला, भाचीला समोर बसवलं. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोन-तीन खेळ्या बघत होती. मग आत गेली.