प्रसादच्या नोट्स क्लायंटच्या पानाखाली

“श्रीनिवासरावांनी या पानाची लिंक पाठवलीय. सोबत एक अक्षर नाही,” आमचे मॅनेजर सुरेश सर म्हणाले. “काय लिहिलंय, वाचून दाखवा.” सर कन्नड, पान मराठीत. मी वाचायला घेतलं.

‘श्रीनिवासराव: चिडके. फोनवर “हो हो” म्हणाले की समजावं, काही कळलेलं नाही. स्वतःची चूक कबूल करत नाहीत. त्यांच्या चुकीच्या एन्ट्र्या गुपचूप दुरुस्त कराव्यात.’

इंग्रजीत सांगताना मी ‘चिडके’चं ‘थोडे कडक’ केलं. बाकीचं काही सौम्य करता येईना.

म्हैसूरच्या या कंपनीत मी डॉक्युमेंटेशन बघते. तेव्हा सगळ्यांच्या खासगी नोट्स विकीवर आणणं चालू होतं. विकी म्हणजे एकमेकांना जोडलेली पानं. ज्याला परवानगी असेल तो ती वाचतो, बदलतोही. गोम अशी, की वरच्या पानाची परवानगी खालच्या पानालाही लागू होते. सपोर्टमधल्या प्रसादने आपल्या नोट्स नेमक्या क्लायंटच्या पानाखाली ठेवल्या, म्हणून त्यालाही त्या दिसल्या. क्लायंट म्हणजे श्रीनिवासराव, साड्यांचे कारखानदार. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायचे, आमच्याशी कन्नडमध्ये बोलायचे.

“त्यांना मराठी थोडंच येतंय?” प्रसाद म्हणाला खरा, पण चेहरा पडला होता. नुकतंच त्याने कोल्हापूरहून आईवडिलांना इथे म्हैसूरला, कुवेंपुनगरात आणलं होतं. आणि सुरेश सर त्याला काढायच्या बेतात होते. मला त्याचा राग आला होता, कीवही येत होती.

मीच श्रीनिवासरावांना फोन लावला.

“पान वाचलो मी, मॅडम.”

“तुम्हाला मराठी येतं?”

“घरात मराठीच की ओ आमचं! आजोबा रंगारी होते, इथलेच. आम्ही रंगारी लोक इथं पिढ्यांपासून मराठीच बोलतो. चिडका म्हटलाय, सरी, ठीक आहे, बायको पण तेच म्हणते. पण गुपचूप दुरुस्त करतो म्हणे! मला सांगायला नको, अल्लवा? मग मी शिकायचं कधी?”

“प्रसादला माफी मागायला पाठवते.”

“माफी नको ओ. एन्ट्री शिकवायला पाठवा.”

प्रसाद गेला, शिकवून आला. नोकरी राहिली.

नंतर क्लायंटची परवानगी काढून टाकायला मी ते पान उघडलं. श्रीनिवासरावांनी त्यात बदल केला होता. ‘चिडके’ जसंच्या तसं होतं. ‘गुपचूप’ तेवढं खोडून तिथे ‘सांगून’ लिहिलं होतं.

नव्या माणसाला मी आता आधी परवानगी कशी द्यायची ते शिकवते. मराठीत लिहिलं म्हणजे कुलूप लागलं असं समजू नकोस, हेही सांगते.