लाईट आली आणि तेजोमेघ गेला

मंडळी, लाईट आली म्हणून आज उचगावात आमच्या गल्लीनं शिव्या घातल्या!

संध्याकाळी लाईट गेली तेव्हा शेजारच्या सुमनआक्कांनी लगेच वायरमनला फोन लावून झापलं. मी मात्र छोटी दुर्बीण घेऊन अंगणात पळालो. डंबेल नावाचा तेजोमेघ, म्हणजे आभाळातला चमकणारा वायूचा ढग, कित्येक दिवस शोधतोय, पण रस्त्यावरच्या दिव्यांपुढं तो दिसतच न्हाय.

आज घावला! काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसला राखाडी डाग. थेट बघितलं की गायब, नजर जरा कडेला नेली की हजर. असं का होतंय, यावर अंगणात जमलेल्या गल्लीत वाद पेटला आणि दुर्बिणीपुढं रांगच लागली.

"डाग काय बघायचा त्यात?" म्हणत आक्काही रांगेत आल्या. त्यांनी डोळा लावला आणि लख्खकन लाईट आली. हजार वर्षांहून जास्त प्रवास करून आलेला उजेड आमच्या खांबावरच्या दिव्यानं पुसून टाकला.

आक्कांनी परत वायरमनला फोन लावला, "पावणं, ती लाईट जरा घालवा की! माझं बघायचं राहिलंय."

खरं सांगा, लाईट जावी असं तुम्हाला शेवटचं कधी वाटलंय?